पार्किंग लॉटमधली आरती

पद्मिनीच्या उंचीचा विषय नागपूरला धंतोलीतल्या बायकांनी पुरता चघळला होता. मुलगी बास्केटबॉल खेळते, विद्यापीठाच्या टीममध्ये आहे, हे चारचौघांत सांगायला तिची आई धजत नसे. सांगितलं की समोरची बाई हमखास विचारायची, "अजून वाढणार का हो?" शेवटी अमेरिकेतून मुली बघायला आलेला श्रीरंग ओगले, तिच्यापेक्षा दोन बोटं बुटका, चहाचा कप हातात धरून म्हणाला, "उत्तम. फळीवरचे डबे काढायला मला स्टूल लागतं." सगळे हसले. पद्मिनीने मनातल्या मनात तिथेच होकार दिला.

त्याच्याबरोबर ती मिशिगनला आली. श्रीरंग मोटारींच्या कंपनीत, घर डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात. मुलगी दीपा शाळेत जायला लागल्यावर पद्मिनीने शिक्षण पुरं केलं आणि ती एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन झाली. काम हलक्या हाताचं, बोलणं मात्र तसं नव्हे. चुकीचं काही दिसलं की ती गप्प बसत नसे. हॉस्पिटलात गोऱ्या पेशंटला 'मिस्टर अमुक' म्हणून हाक मारायचे आणि काळ्या म्हाताऱ्यालासुद्धा नुसत्या नावाने. पद्मिनी कुणाशी भांडली नाही. आपल्या खोलीच्या दारात उभी राहून ती प्रत्येकाला खणखणीत आवाजात मिस्टर आणि मिसेस म्हणू लागली. हळूहळू बाकीच्यांनाही तसं म्हणावं लागलं, कारण पेशंट बसायचा हॉल एकच होता आणि तिच्यानंतर दुसरं काही म्हणणं वाईट दिसायला लागलं.

कर्टिस वॉर्डलॉ तिला तिथेच भेटला. व्यावसायिक बास्केटबॉल खेळणारा, पण पोस्टरवर झळकणारा नव्हे. बाकावरून उठून मोक्याच्या वेळी खेळात उतरणारा. या गावाहून त्या गावाला, या टीममधून त्या टीममध्ये, असं करत करत एकतीस वर्षांचा झालेला. उन्हाळ्यात तो डेट्रॉइटला आईकडे असायचा. गुडघ्याच्या एक्स-रेसाठी आला तेव्हा टेबल त्याला पुरेना. पाय बाहेर लोंबत होते.

पद्मिनीने गुडघ्याखाली उशी सरकवली आणि म्हणाली, "मिस्टर वॉर्डलॉ, फ्री थ्रो टाकताना तुमचं कोपर बाहेर जातं."

तो डोकं उचलून बघतच राहिला. "हे एक्स-रेमध्ये दिसतं?"

"टीव्हीवर दिसतं. हलू नका."

तेव्हापासून तो तिला 'कोच' म्हणायला लागला. दर खेपेला काहीतरी गप्पा व्हायच्या. एकदा मात्र तो गप्प होता. तिने विचारलं तेव्हा छताकडे बघत त्याने सांगितलं. त्या उन्हाळ्यात पोलिसांनी त्याला दोनदा अडवलं होतं. पहिल्यांदा गाडीची डिकी उघडायला लावली. दुसऱ्यांदा त्याने "का?" एवढंच विचारलं, तर शांतताभंगाचा आरोप ठेवून चौकीत नेलं. आरोप पुढे टिकला नाही, पण पेपरात फोटो छापून आला तो आलाच.

"माझ्या टीममधला एक गोरा पोरगा आहे, कोच. गाडी उडवत नेतो. पोलीस त्याला अडवतात आणि ऑटोग्राफ घेतात."

"आणि तुमचा?"

"माझे हात बॉनेटवर असतात. सही कशी करणार?"

तो हसला, पण पद्मिनीला हसू आलं नाही. मग त्याने मुख्य गोष्ट सांगितली. नव्या टीमबरोबर एका वर्षाचा करार होणार होता, बहुधा शेवटचाच. लेबर डेची सोमवारची सुट्टी संपली की मंगळवारी सही. त्या टीमच्या वकिलाने स्पष्ट बजावलं होतं: पुन्हा पोलिसांच्या गाडीत बसलास, मग चूक कुणाचीही असो, तर करार विसर.

हे सगळं १९८४ सालच्या उन्हाळ्यातलं. त्या वर्षी गणपती नेमके लेबर डेच्या आधी आले. मराठी मंडळ नोव्हायजवळच्या एका गावातल्या शाळेची जिम भाड्याने घेऊन रविवारी उत्सव करायचं. मुलांच्या खेळांची बक्षिसं पाहुण्यांच्या हस्ते असायची. कमिटीत पद्मिनीने कर्टिसचं नाव सुचवलं.

मंडळाचे अध्यक्ष डॉ. दिगंबर साठ्ये हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, तसा माझा काही विरोध नाही. पण तो एरिया सगळा गोऱ्यांचा, तुम्हाला माहिताय. आपण आधीच तिथे उठून दिसतो. शिवाय त्याचं ते पोलिसांचं प्रकरण. उगाच कशाला?"

"डॉक्टर, तुम्ही इथे नवीन होतात तेव्हा एका बाईने तुम्हाला बघून विचारलं होतं ना, खरे डॉक्टर कधी येणार म्हणून? दर पिकनिकला तुम्हीच सांगता."

"ते वेगळं."

"ते वेगळं कसं, ते पुढच्या पिकनिकला सांगा."

सुमेधा, पद्मिनीची जिवलग मैत्रीण, खोकल्याच्या आड हसली. ठराव झाला. पद्मिनीने कर्टिसला फोन करून पत्ता आणि वेळ सांगितली, सकाळी दहा.

घोटाळा झाला तो इथे. मंडळाचे दहा म्हणजे साडेअकरा, हे मंडळातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. दहाला निघायचं की आधी आंघोळ करायची, यावर घराघरांत वाद चालायचे. पण कर्टिसच्या धंद्यात उशिरा येणाऱ्याला दंड होई आणि बाकावर बसावं लागे. तो दहाच्या आधीच पोचला. पार्किंग लॉट रिकामा, शाळेला कुलूप. आपणच चुकीच्या दाराशी आलो असं वाटून तो इमारतीला वळसा घालून मागे गेला. एक दार ओढून पाहिलं, दुसरं ओढलं, खिडकीला कपाळ लावून आत डोकावला. मग गाडी मागच्या लॉटमध्ये लावून आत बसून राहिला. तासाभराने उतरून पुन्हा एकदा मागची दारं पाहिली. समोरच्या घरातून कुणीतरी पोलिसांना फोन केला.

हे सारं पद्मिनीला मागाहून कळलं. ती पावणेअकराला पुढच्या दाराने आली तेव्हा मागच्या बाजूला काय चाललंय याची कुणालाच कल्पना नव्हती. मखर लागलं, रांगोळी झाली, मसालेभाताची पातेली ओळीने मांडली गेली. पद्मिनी हिरवं नऊवारी नेसली होती. आरती धरायचा मान त्या वर्षी तिचा होता. ती सारखी दाराकडे बघत होती.

"येईल गं," सुमेधा म्हणाली. "आपल्यात राहून तोही उशिरा यायला शिकला असेल."

"तो नाही शिकायचा."

आरती सुरू झाली. टाळ, झांजा, टाळ्या. जिमचं छप्पर उंच, त्यामुळे आवाज दुप्पट घुमत होता. पहिली आरती संपून दुसरी लागली तेव्हा मागचं दार उघडून एक पोलीस आत आला. धिप्पाड, पिकल्या मिशांचा. त्याने टोपी काढली नाही. दाराजवळ डॉ. साठ्ये उभे होते. पोलीस त्यांच्याशी काहीतरी बोलला. डॉक्टरांनी मान हलवली. पोलीस गेला.

पद्मिनी ताट ओवाळतच डॉक्टरांकडे सरकली. "काय झालं?"

"काही नाही. आरती होऊ दे."

"डॉक्टर, काय झालं?"

"तुमचा तो खेळाडू. मागे पकडलाय त्याला. दारं उघडायला बघत होता म्हणे. इथे पाहुणा म्हणून आलोय असं सांगतोय. मला विचारलं, तुम्ही याला ओळखता का?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी भेटलोय का त्याला कधी? नाही म्हणालो. खोटं काय आहे त्यात?" ते हळू आवाजात, पण घाईघाईने बोलत होते. "वहिनी, समजून घ्या. ही जिम गेली तर दुसरी मिळणार नाही. इथे पोरंबाळं आहेत. आरती संपू दे, मी स्वतः फोन करतो चौकीवर."

चौकीवर! म्हणजे तोवर तो पोलिसांच्या गाडीत बसलेला असणार. मंगळवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हातातलं ताट जड वाटायला लागलं. खाली ठेवावं की काय, असं एकदा मनात आलं. पण आरती चालू असताना ताट खाली ठेवत नाहीत. ते फिरवायचं असतं. आलेल्या प्रत्येकापर्यंत न्यायचं असतं. लंगडा असो, आंधळा असो, लांब कोपऱ्यात बसलेला असो. धंतोलीला तिची आई फाटकाबाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यापर्यंत ताट नेऊन मगच फिरायची.

पद्मिनी वळली आणि मागच्या दाराकडे चालू लागली.

"मॉम, व्हेअर आर यू गोइंग?" दीपाने तिचा पदर धरला. "प्लीज, डोन्ट मेक अ सीन."

"सीन त्यांनी केलाय. तू झांज घे आणि ये."

बाहेर ऊन रखरखत होतं. कर्टिस कडेच्या दगडी कट्ट्यावर बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, हात पाठीमागे बेड्यांत. अंगात नवा कोरा सूट, एका गुडघ्यावर डांबराची धूळ. शेजारी एक तरुण पोलीस उभा होता. पिकल्या मिशांचा पोलीस नुकताच आतून येऊन गाडीचं मागचं दार उघडत होता.

"कोच," कर्टिस म्हणाला. आवाजात सुटकेचा भाव नव्हता, भीती होती. "परत आत जा. प्लीज."

पद्मिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गाडीचं उघडं दार तिच्या पाठीशी आलं.

"मॅम, बाजूला व्हा," मोठा पोलीस म्हणाला. "आणि ती आग विझवा."

"ही विझवत नाहीत. हे आमचे पाहुणे आहेत. मी बोलावलंय."

"आतल्या डॉक्टरने सांगितलं, ओळखत नाही."

"डॉक्टरना ते भेटले नाहीत, हे खरंय. भेटायलाच आले होते, दहा वाजता. आम्ही सगळे जमलो साडेअकराला. उशिरा येणं हा तुमच्याकडे गुन्हा असेल तर बेड्या आम्हाला घाला."

"मॅम, मी तुम्हाला शेवटचं सांगतोय."

"हरकत नाही, मीही शेवटचंच सांगतेय. यांचे हात सोडा. ही आरती दोन्ही हातांनी घ्यायची असते. आधी पाहुण्यांनी, मग बाकीच्यांनी. यांनी घेतल्याशिवाय आमच्यातला एकही माणूस घेणार नाही."

"एकही माणूस म्हणजे कोण? तुम्ही एकट्या आहात."

तो म्हणाला ते खरं होतं. पद्मिनीने मागे पाहिलं नाही. वारा सुटला, निरांजनाची वात आडवी झाली. तेवढ्यात कुणाचा तरी हात तिच्या खांद्याखालून पुढे आला आणि ज्योतीभोवती आडोसा धरून राहिला. श्रीरंग होता. आयुष्यात ज्याने वेगमर्यादा मोडली नव्हती, साहेबाशी वाद घातला नव्हता, तो माणूस घामाने डबडबला होता. पण हात हलला नाही.

मग झांजा ऐकू आल्या. सुमेधा. तिच्यामागे दीपा. आत आरती म्हणणाऱ्यांना ताट दिसेना, म्हणून ते ताटामागे निघाले होते. आरती अर्धवट सोडणं कुणाच्याच जिवावर आलं असतं. म्हणत म्हणतच ते दारातून बाहेर पडले. नऊवारी नेसलेल्या बायका, कुर्त्यातले इंजिनियर, कडेवरची पोरं, काठी टेकत एक आजोबा. काय झालंय ते पुढच्यांना दिसत होतं, मागच्यांना कळत नव्हतं, पण टाळ्या थांबल्या नाहीत. बघता बघता गाडी, दोन पोलीस आणि कर्टिस यांच्याभोवती कडं पडलं.

तरुण पोलिसाचा हात कमरेकडे गेला. मोठा ओरडला, "मागे व्हा सगळे!"

कुणी मागे झालं नाही. कुणी पुढेही आलं नाही.

"ही काय भानगड आहे?" त्याने पद्मिनीला विचारलं.

"प्रार्थना आहे. रविवार आहे ना? तुमच्याकडेही असते."

"किती वेळ चालणार?"

"यांचे हात मोकळे होईपर्यंत. आम्हाला पुष्कळ आरत्या येतात."

सुमेधा मराठीत म्हणाली, "सांग त्याला, मसालेभात गार झाला तर बायका आणखी चिडतील."

मागे दोघीतिघी खिदळल्या. मोठ्या पोलिसाला वाटलं आपल्यालाच हसतायत. त्याचे कान लाल झाले. "ह्या माणसाचं रेकॉर्ड आहे," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही तुम्ही कुणासाठी उभ्या आहात."

"रेकॉर्ड काय आहे ते मला माहिताय. 'का?' असं विचारल्याचं आहे. आता मी विचारते. का? यांनी काय चोरलं? काय फोडलं? कुणाला हात लावला?"

पोलिसाने नुसतं शाळेच्या मागच्या दारांकडे बोट दाखवलं.

"दारं ओढून पाहिली," पद्मिनी म्हणाली. "मीही पाहिली होती गेल्या वर्षी, याच शाळेची. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन म्हणाली, हनी, पुढच्या बाजूने जा. तिने पोलीस नाही बोलावले."

तरुण पोलीस कर्टिसकडे बघत होता. मघापासून तो त्याच्याकडेच बघत होता. "सार्जंट," तो हळूच म्हणाला, "हा खरंच खेळतो. मी पाहिलंय याला."

"मला माहीत आहे तो कोण आहे," मोठा म्हणाला.

पद्मिनीने ते बरोबर टिपलं. म्हणजे ओळखीअभावी झालेली चूक नव्हती ही. ती एक पाऊल पुढे झाली. आता ताटाची कड पोलिसाच्या छातीला टेकेल इतकी जवळ. दोघांची उंची सारखी होती. तिने त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. अशी नजर तिने शेवटची दिली होती ती कोर्टावर, तिला कोपर मारणाऱ्या जबलपूरच्या एका मुलीला.

"मग तर मुळीच नेऊ देणार नाही," ती म्हणाली.

आरती चालूच होती. काठीवाल्या आजोबांनी नवी उचलली, लांबलचक, फार कडव्यांची, जी एरवी सुरू केली की लोक कपाळाला हात लावत. आज सगळ्यांनी ती गळा मोकळा सोडून म्हटली. मोठ्या पोलिसाने एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा समोरच्या घरांकडे. लोक व्हरांड्यात आले होते. एकाच्या हातात कॅमेरा होता.

त्याने तरुणाकडे किल्ली फेकली.

बेड्या निघाल्या. कर्टिस उठला, आणि उठतच राहिला. पोरांनी माना वर केल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते. आपले हात पुढे करावेत की नाही हे त्याला कळेना. हात पुढे केल्यावर आजवर काय झालं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"असे," दीपा म्हणाली. तिने ज्योतीवर तळवे धरून दाखवले, पण आपल्या डोळ्यांना लावले नाहीत. पाहुण्यांच्या आधी तिला घ्यायची नव्हती. "यू फर्स्ट."

त्याने दोन्ही हात ज्योतीवर धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले. बराच वेळ त्याने ते चेहऱ्यावरून काढले नाहीत.

"तू जाऊ शकतोस," मोठा पोलीस म्हणाला.

कर्टिसने हात खाली घेतले. "कुठे जाऊ? मला आत पोरांना बक्षिसं द्यायचीत."

मग ताट फिरलं. लोक ओळीने आरती घेऊ लागले. तरुण पोलीस तिथेच घुटमळत होता, काहीतरी बोलायचंय असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. पद्मिनीने ताट त्याच्यासमोर धरलं नाही. पण तो टोपी काखेत मारून ओळीच्या शेवटी उभा राहिला तेव्हा तिने नाहीही म्हटलं नाही. मोठा गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

मंगळवारी सही झाली. कर्टिस सामान घेऊन दूरच्या शहरात खेळायला गेला. शाळेने मात्र मंडळाला जिम पुन्हा द्यायचं नाकारलं. कारण दिलं उघड्यावर पेटवलेल्या आगीचं. कमिटीच्या बैठकीत सगळे खाली बघत होते.

"वहिनी, जिम गेली," डॉ. साठ्ये म्हणाले.

"जिम गेली, डॉक्टर. माणूस गेला नाही."

पद्मिनीने मग आपली मागणी मांडली. हात सोडले म्हणून प्रकरण संपत नाही. त्या सार्जंटने ओळखून बेड्या घातल्या होत्या. गावाच्या सभेत मंडळाच्या नावाने तक्रार व्हायला हवी. डॉक्टर म्हणाले, मंडळ सांस्कृतिक आहे. बराच काथ्याकूट झाला. मंडळाचं नाव मिळालं नाही. "ठीक आहे," पद्मिनी म्हणाली, "माझं नाव आहे."

ऑक्टोबरात ती गावाच्या सभेला गेली. बोलण्याआधी तिने कर्टिसला फोन करून विचारलं होतं, कारण अब्रू त्याची होती. तो म्हणाला, "माझं नाव घ्या, कोच. पूर्ण घ्या." सभागृहात लाकडी बाकं होती. श्रीरंग आणि सुमेधा तिसऱ्या बाकावर बसले होते. मागच्या दाराशी उभे होते डॉ. साठ्ये, कोट न काढता, आत येऊ की नको अशा बेतात. सार्जंट आणि त्याचा चीफ पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून.

अध्यक्षबाईंनी बोलायच्या वेळेचा नियम समजावून सांगितला. वेळ संपली की घंटा वाजेल, मग खाली बसायचं.

पद्मिनी माइकपाशी गेली. माइक तिच्या मानाने बुटका होता. तिने तो वर ओढला आणि सुरुवात केली, "मिस्टर कर्टिस वॉर्डलॉ आमचे पाहुणे होते." काय झालं ते तिने क्रमाने सांगितलं. उशीर मंडळाचा होता, हे सांगितलं. गेल्या वर्षी तिने स्वतः तीच दारं ओढली होती, हे सांगितलं. सार्जंट काय म्हणाला तिथवर ती आली तेव्हा घंटा वाजली.

"थँक यू, मिसेस ओगले," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुमची वेळ संपली."

"माझं बोलणं संपलेलं नाही."

"मॅम, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"त्याच नियमाबद्दल बोलायला मी आलेय," पद्मिनी म्हणाली, आणि सार्जंटकडे वळून, माइक घट्ट धरून, तिने पुढचं वाक्य सुरू केलं, "हे सार्जंट तेव्हा म्हणाले, 'मला माहीत आहे तो कोण आहे.'"